मीठ

शेवटची सिगारेट कुठे ओढली ते आठवत नाही.
न ओढलेली पहिली मात्र आठवते.
मंगळवार होता,
स्वान्सीच्या बस डेपोमागे वारा आडवा सुटला होता,
काडी तीनदा विझली
आणि चौथी ओढायचा कंटाळा आला.
एवढंच. कुणी शपथ घातली नव्हती.
डॉक्टरीणबाईंनी दिलेलं फुफ्फुसांचं रंगीत चित्र
घडीही न मोडता ड्रॉवरमध्ये पडलेलं आहे.

पहिला महिना सांगण्यासारखा नाही.
हात कुठे ठेवावेत कळेना.
पास शोधायला वेळ लावणाऱ्या एका म्हाताऱ्यावर खेकसलो,
बसचं दार उगाच उघडलं, मिटलं, उघडलं.
हेमांगीने ओट्यावर बडीशेपेची वाटी ठेवली
तर तीही रागाने संपवली.

मग एका सकाळी टाउनहिलचा चढ,
जो मी चार ठिकाणी थांबत चढायचो,
दर थांब्याला फोन आल्याचं नाटक करून,
तो एका दमात चढलो.
वर पोचून खिसा चाचपला
तर फोन घरीच राहिला होता.

वास नंतर आले.
न कळवता आले, सामानसुमान घेऊन,
आणि आधी आले ते नकोसेच.
कपाटातल्या माझ्या काळ्या कोटाचा, ओल्या राखेसारखा.
हा कोट घालून मी इरावतीला
शाळेच्या फाटकात जवळ घ्यायचो.
ती मान वळवायची.
मला वाटायचं, मैत्रिणींसमोर लाजते.

कोट दोनदा धुतला. मग टाकूनच दिला.

एप्रिलमध्ये रूट बदलला, किनाऱ्याचा मिळाला.
ओहोटी होती. खिडकी उघडी होती.
शेवाळ, चिखल, सडकी दोरी, आणि त्याखाली काहीतरी
थेट वेंगुर्ल्याच्या बंदरावरचं,
सुकट वाळत घातलेल्या दुपारचं.
सिग्नल हिरवा झाला तरी मी उभाच.
मागच्याने हॉर्न दिला.
एकोणतीस वर्षं मी या समुद्राला
कोरडा, परका, विलायती म्हणत आलो.
त्याचा काही दोष नव्हता.

आणि मग तो रविवार.
बांगड्याचं तिखलं, भात.
दुसऱ्या घासाला मी म्हटलं,
"मीठ जास्त झालंय गं."
हेमांगीने डाव खाली ठेवला.
मला वाटलं, चिडली.
"चोवीस वर्षं," ती म्हणाली,
"तुझ्या जिभेच्या मापाने घालत आलेय.
तुला अळणी लागायचं. दर वेळी चिमूटभर जास्त,
दर वर्षी आणखी थोडं.
मला वाटायचं, माझ्याच हाताची चव गेली."
मग हसायला लागली,
पदराने डोळे पुसत, तोंडात घास तसाच ठेवून.
मी काय बोलणार.
पानातलं सगळं संपवलं, खारट तर खारट.
आता ती नव्याने शिकतेय,
मीही शिकतोय, समोर बसून,
"थोडं कमी" म्हणायला, "बरोबर" म्हणायला.

डेपोमागे ग्लिन आता एकटाच उभा असतो.
सोळा वर्षं तिथे आम्ही दिवसाला तीनदा दहा मिनिटं
रग्बी, गुडघे, त्याची गेलेली बायको,
असं सगळं धुरात बोललो.
सोडल्यावर दोन महिने मी त्या बाजूला फिरकलो नाही.
भीती सिगारेटची होती, पण टाळला गेला तो.
हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

आता थर्मास घेऊन जातो.
वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभा राहतो,
तो धूर दुसरीकडे सोडतो.
उपदेश मी करत नाही, तो विचारत नाही.
काल मी त्याला अर्धा कप दिला.
"काय घातलंयस यात?"
"आलं. बरंच आहे, ठेचून."
त्याने आणखी एक घोट घेतला, जरा थांबून.
"मला नुसतं गरम लागतंय," म्हणाला.

मी काही बोललो नाही.
त्याचा कप पुन्हा भरला.